महालातल्या काकूंच्या पोटरीतला गोळा

मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरी गेले होते ती काकांच्या आखडलेल्या खांद्यासाठी. काकूंचं दुखणं त्या दिवशी कुणाच्याच यादीत नव्हतं. निघताना हातात चहाचा कप देता देता त्यांनी सहज विचारलं, "पोरी, रात्री नस चढते त्याले काही असते का तुमच्याकडे?"

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सकाळचे साडेआठ वाजले होते, पण वाड्याच्या अंगणातली फरशी पायाला चटका द्यायला लागली होती. मी परत खाली बसले.

"होळीपासून सुरू झालं," काकू म्हणाल्या. "पहिले आठ-पंधरा दिवसांतून एखाद वेळ येत जाये. आता रोजच. तो गोळा येते न, तेव्हा जीव जाते का राहते समजत नाही."

काकूंचं वय ६४. वजन बेताचं, साखर नाही, पाच वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू. उन्हाळ्यात त्या पापड, कुरडया आणि शेवयांच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या माणसांत हे दुखणं असणारे पुष्कळ असतात, पण ते आपणहून सांगणारे फार थोडे. "वय झालं" म्हणून झोपमोड सोसत राहतात.

रात्री नेमकं काय व्हायचं, ते मी त्यांना एकेक करून विचारलं. साधारण दोन-अडीचच्या सुमाराला, कूस बदलताना किंवा पाय ताणून आळस देताना, उजवी पोटरी एकदम आत ओढली जायची. हात लावला तर लिंबाएवढा दगड लागायचा. पाऊल आपोआप खाली वळायचं, बोटं वाकायची. मिनिट-दोन मिनिटं हे चालायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटरी ठणकत राहायची.

आपल्याकडे याला नस चढणं म्हणतात, पण चढत काहीच नाही. तो स्नायूच असतो, नको तेव्हा आकसलेला आणि सुटायचं विसरलेला. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड अवस्थेत असतो. अशा आखूड स्नायूला मज्जातंतूकडून थोडा जरी जास्तीचा इशारा गेला, तरी त्याला आणखी आकसायला जागा नसते आणि तो गोळा होऊन बसतो. म्हणूनच हा त्रास दिवसा उभं असताना क्वचित आणि अंथरुणात जास्त होतो.

घरगुती उपाय सांगण्याआधी पाय तपासायलाच हवेत. यात मी कधीच घाई करत नाही. एकाच पोटरीला सूज, ती गरम, लालसर आणि दिवसभर दुखरी असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, असं असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका येते. पाय बधिर होणं, स्नायू कमजोर होणं, पाय हलवत राहिल्याशिवाय चैन न पडणं, या सगळ्या वेगळ्या तक्रारी. मी टेप घेऊन काकूंच्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या, फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. पावलांवरची नाडी दोन्हीकडे नीट लागत होती. कापसाचा स्पर्श बोटांपर्यंत कळत होता. फक्त गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढायला लावलं, तर ते काटकोनाच्या पुढे जेमतेम येत होतं. पोटऱ्या आखडलेल्या होत्या, उजवी जास्त.

त्या का आखडल्या, हे मला गच्चीवर गेल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सहा वाजता गेले. काकू पहाटे साडेचारला उठून कुरडयांचा चीक घाटतात. ऊन चढायच्या आत सगळं गच्चीवर न्यायचं, म्हणून पातेलं, सोऱ्या, प्लॅस्टिकचा कागद, पाण्याची बादली अशा चार-पाच चकरा उंच पायऱ्यांच्या जिन्यावरून होतात. मग त्या कागदाच्या कडेला उकिडव्या बसतात. त्यांची टाच जमिनीला टेकत नाही. अख्खं वजन चवड्यावर, उजवा पाय थोडा मागे, आणि सोऱ्या दाबताना जोर त्याच पायावर. एक ओळ झाली की तसंच पुढे सरकायचं. दीड-दोन तास ती पोटरी आखूड अवस्थेत राबत होती. सगळं आटोपल्यावर त्या उठल्या तेव्हा पहिली दोन पावलं टाच न टेकवताच टाकली. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग मी झोपायची जागा पाहायला मागितली. काकू संकोचल्या, पण काकांनीच हाताला धरून नेल्यासारखं नेलं. खिडकीत लोखंडी कूलर, त्याची हवा थेट दिवाणाच्या पायथ्याशी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो; कूलर बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. पण पायांना गार वारं लागतं म्हणून काकू चादर पावलांवरून घेऊन गादीखाली घट्ट खोचायच्या. कूलरच्या झोतानं ती उडू नये म्हणून दोन्ही बाजूंनीही खोचलेली. मी त्यांना तसंच निजून दाखवायला सांगितलं. चादर बोटांवर ताणून बसली आणि पावलं खाली दाबली गेली, नर्तकीनं टोकावर उभं राहावं तशी. रात्रभर पोटरी त्याच अवस्थेत.

घरातले उपाय तोवर जोरात सुरू होतेच. झोपताना तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्यांना आणि तळव्यांना चोळायचं. रोज दोन केळी. गोळा आला की काकांनी उठून जोरजोरात रगडायचं. शेजारणीनं सांगितलं म्हणून लिंबाच्या लोणच्याचा खार चमचाभर. मुलानं पुण्याहून मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली आणून दिलेली. आणि मुलीचा फोनवरून रोजचा हुकूम: आई, पाणी पीत राहा.

यातलं एकही मी पहिल्या भेटीत बंद केलं नाही, तेल सोडून. तेलही बंद नाही केलं, वेळ बदलली. कारण काकूंनी बोलता बोलता सांगितलं, की आठवड्यापूर्वी गोळा आल्यावर त्या दचकून उठल्या, तेल लावलेला तळवा गुळगुळीत फरशीवर टेकवला आणि सरकल्या. दिवाणाची कड हातात आली म्हणून बचावल्या. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे मी रोज बघते. तेव्हा मालीश करायची तर संध्याकाळी सातला, हलक्या हातानं, आणि निजण्याआधी तळवे कोरड्या पंचानं स्वच्छ पुसून. मालिशीनं स्नायू सैल होतो, बरं वाटतं, झोप लागते. तेवढ्यासाठी ती चालू राहावी.

पहिल्या आठवड्यात मी फक्त एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी रात्रीच्या गोळ्यांच्या फुल्या मारायच्या. जितके गोळे तितक्या फुल्या. काकूंना हे फोल वाटलं. "दुखते मले न मोजत बसू?" पण मोजणं आवश्यक होतं, आणि त्याचं कारण मुलानं आणलेल्या त्या बाटलीशीच जोडलेलं आहे. इस्रायलमध्ये रात्री पायात गोळे येणाऱ्या ९४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना महिनाभर मॅग्नेशियम ऑक्साइड दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. गोळे दोन्ही गटांत कमी झाले, आणि जवळपास सारखेच. हे दुखणं मुळातच कमी-जास्त होत राहतं. फार वाढलं की आपण उपाय सुरू करतो, ते आपोआप उतरतं आणि श्रेय उपायाला जातं. म्हणून आधी मोजायचं. वयस्क माणसांत मॅग्नेशियमचा या त्रासावर म्हणण्यासारखा उपयोग दिसत नाही, असंच अनेक अभ्यास एकत्र तपासूनही निघालं आहे. ती बाटली संपल्यावर नवी आणू नका, एवढंच मी मुलाला कळवलं.

आठवड्याच्या फुल्या आठ निघाल्या. सातपैकी पाच रात्री.

मग ताण देण्याचे व्यायाम सुरू केले. माझा सगळा भरवसा यावर होता आणि आहे. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण दिला. ज्यांनी दिला नाही त्यांच्या तुलनेत त्यांचे गोळे रात्रीमागे सरासरी १.२ नी कमी झाले. याउलट, ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटरीला ताण देऊन फरक पडला नव्हता. मी दोन्ही काकांना सांगितलं, कारण ते निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांना अर्धवट सांगितलेलं चालत नाही. तरी मी हाच उपाय धरते. यात पैसे लागत नाहीत, नीट केला तर अपाय नाही, आणि आखडलेली पोटरी मी माझ्या हातांनी सैल होताना पाहिलेली आहे.

पद्धत अशी. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहायचं. दोन्ही तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला. एक पाय मागे, त्याचा गुडघा ताठ, टाच जमिनीवर दाबलेली, पाऊल सरळ भिंतीच्या दिशेनं. पुढचा गुडघा हळूहळू वाकवत छाती भिंतीकडे न्यायची. मागच्या पोटरीत ओढ लागली की थांबायचं, दहा अंक मोजायचे, सोडायचं. प्रत्येक पायाला तीन वेळा. मग दिवाणाच्या कडेला बसून एक पाय समोर स्टुलावर सरळ ठेवायचा आणि कमरेतून पुढे वाकायचं, मांडीच्या मागे ओढ लागेपर्यंत. तेही तीनदा. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आठ दिवसांनी फुल्या सात. काकूंचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी भिंतीला हात लावले, आणि मागची टाच उचललेली होती. गच्चीवर बसतात तशीच. शिवाय पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आणि गुडघा किंचित वाकलेला. चूक माझी होती, एकदा दाखवून मी निघून गेले होते. पोटरीतला वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडापासून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो ढिला पडतो आणि ताण त्याला मिळतच नाही. मी काकूंच्या मागच्या टाचेखाली जुनं कालनिर्णय सरकवलं. म्हटलं, हे मी ओढून पाहीन, निघता कामा नये. टाच दाबली, गुडघा ताठ केला, आणि काकू ओरडल्या, "अगं बाई, इथं तर ओढ आत्ता लागली!"

त्या दिवसापासून काका रोज रात्री साडेनऊला कालनिर्णय ओढून पाहतात.

चादरीचं काम सोपं होतं. पायथ्याशी एक लोड आडवा ठेवला आणि चादर त्यावरून सोडली, न खोचता. पावलांना वर जागा मिळाली. कूलरची तोंडाची पट्टी थोडी वर वळवली आणि पायात जुने सुती मोजे. गार वाऱ्यानंच गोळा येतो, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मोज्यांमुळे चादर खोचायची गरज उरली नाही आणि मला तेवढंच हवं होतं. गच्चीवर उकिडवं बसण्याऐवजी बुटका लाकडी पाट आला, आणि दर दोन ओळींनंतर उठून टाचा टेकवायच्या असं ठरलं. पाटावर हात चालत नाही म्हणून दोन दिवस कुरकुर झाली.

गोळा आलाच तर काय करायचं, तेही काकांना शिकवलं. आधी रगडायचं नाही. जोरात रगडण्यानं आकसलेला स्नायू आणखी दुखावू शकतो आणि सकाळचा ठणका वाढू शकतो. गुडघा सरळ करायचा, पावलाची बोटं धरून पाऊल हळूहळू नडगीकडे आणायचं आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवायचं, झटका न देता. एकटं असलं तर उशाशी ठेवलेला पंचा तळव्याला अडकवून दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचा. सुटल्यावर मग हलका हात फिरवा, गरम पाण्याची पिशवी ठेवा, काहीही करा.

लोणच्याच्या खाराबद्दल थोडं. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विजेच्या सौम्य धक्क्यानं पायाच्या स्नायूत गोळा आणून कधी काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी दिलं, कधी साधं पाणी. लोणच्याच्या पाण्यानं गोळा लवकर, साधारण दीड मिनिटात सुटला. एवढ्या वेळात ते पोटातून रक्तात पोचत नाही, म्हणजे घशाला लागलेल्या त्या तीव्र चवीनंच मज्जातंतूंकडे काही संदेश जात असावा. पण ते व्हिनेगरातलं पाणी होतं आणि ती तरुण, धडधाकट माणसं होती. ब्लडप्रेशरच्या माणसानं रोज रात्री खाराचा चमचा घेणं मला पटत नाही. केळ्यांना मात्र हरकत नव्हती, कारण काकूंच्या मूत्रपिंडाचं काम ठीक होतं. ज्यांचं नाही त्यांना जास्तीचं पोटॅशियम घातक ठरतं.

आणि आता ती गोष्ट, जी मी पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती. तिसऱ्या आठवड्यात मी औषधांचा डबा मागितला. ब्लडप्रेशरच्या गोळीच्या पाकिटावर नावापुढे 'एच' हे अक्षर होतं.

"ही पहिलेपासूनच आहे?"

"नाही. संक्रांतीनंतर बदलून दिली. पहिले साधी होती."

त्या 'एच'चा अर्थ गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध. फार चांगलं आणि स्वस्त औषध आहे, लाखो लोकांना त्यानं फायदा होतो. पण लघवी वाढवणारी काही औषधं आणि दम्याचे काही पंप यांचा पायातल्या गोळ्यांशी संबंध कॅनडातल्या नोंदींतून दिसून आलेला आहे. काकूंच्या बाबतीत त्यात तीन गोष्टींची भर पडली होती. गच्चीवरचा घाम. ब्लडप्रेशर म्हणून भाजीत जवळजवळ नसलेलं मीठ. आणि लेकीच्या सांगण्यावरून माठातलं नुसतं पाणी, तांब्यावर तांब्या. मीठ घाम आणि लघवी अशा दोन वाटांनी बाहेर जात होतं आणि आत येत होतं जवळजवळ फक्त पाणी. संक्रांतीनंतर गोळी, ऊन तापायला लागल्यावर होळीपासून त्रास, असा सगळा क्रम जुळत होता.

मी गोळी बंद करायला सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही, आणि ब्लडप्रेशरची गोळी मनानं सोडल्यावर काय होतं तेही मी पाहिलेलं आहे. पाकीट, फुल्यांचं कॅलेंडर आणि माझी चार ओळींची चिठ्ठी घेऊन काकांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तात सोडियम १३१ निघालं, जे १३५च्या वर असायला हवं. पोटॅशियम ३.४, किंचित कमी. थायरॉइड आणि साखर ठीक. डॉक्टरांनी गोळी बदलली, नुसतं पाणी आवरायला सांगितलं आणि गच्चीच्या दिवसांत जेवणाबरोबर चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं घ्यायला परवानगी दिली. ही परवानगी काकूंच्या रक्ताच्या रिपोर्टवर दिलेली होती. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ती स्वतःला लावून घेऊ नये.

टाच नीट टेकवायला लागल्यावरच्या आठवड्यात फुल्या चार झाल्या होत्या. गोळी बदलल्यानंतरच्या पंधरवड्यात मिळून दोन. मग मेच्या शेवटी अमरावतीला भाचीचं लग्न आलं. दहा दिवस भिंत नाही, कालनिर्णय नाही, उभ्यानं धावपळ. परतल्यावर काकूंनी आठवणीनं लिहून ठेवलेल्या फुल्या सांगितल्या: चार. गोळी तीच नवी होती. म्हणजे फक्त गोळीनं सगळं झालं नव्हतं, असं मला वाटतं. काकांचं म्हणणं, लग्नात कोण आराम करते, थकव्यानं आले असतील. तेही खरं असू शकतं. एका माणसाच्या फुल्यांवरून यापुढे जाता येत नाही.

जूनमध्ये पाऊस आला, कूलर बंद झाला, गच्चीचं काम संपलं, आणि त्या महिन्यात फुली एकच पडली. ऋतूचाही हात असतो. कॅनडातल्या नोंदींमध्ये ऐन उन्हाळ्यात हा त्रास ऐन हिवाळ्याच्या दुपटीच्या आसपास दिसला होता, आणि तिथला उन्हाळा काही आपल्यासारखा भाजणारा नाही. तेव्हा सगळंच घामावर ढकलता येत नाही.

काकू अजून रोज भिंतीपाशी उभ्या राहतात. खांद्याच्या उंचीवर दोन तळहातांचे तेलकट डाग पडले होते. दिवाळीला घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्यानं ते घासून, दोन हात मारून बुजवले. मी काकांच्या खांद्यासाठी परत गेले तोवर डिसेंबर लागला होता. नव्या पिवळ्या रंगावर, त्याच उंचीवर, दोन्ही डाग पुन्हा उमटायला लागले होते.